गरजेपोटी केलेली बनवाबनवी

मराठीतले आवडते विनोदी चित्रपट सुचवा म्हटलं की यादीत पहिला मान ‘अशी ही बनवाबनवी’ला मिळतो, आणि कारण विचारलं तर लोक संवाद म्हणून दाखवतात. संवाद पाठ होण्याजोगे आहेत यात वाद नाही. पण तेच संवाद एखाद्या स्नेहसंमेलनात सुटे म्हणून पाहा. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही तो सभ्यपणे हसेल आणि चहाकडे वळेल. वाक्याला हसू येतं ते वाक्याच्या मागे उभ्या असलेल्या अडचणीमुळे. 1988 सालच्या या चित्रपटात चार तरुणांना पुण्यात राहायला जागा हवी आहे, आणि मालकीणबाई जोडप्यांनाच खोल्या देणार आहेत. म्हणून दोघे साडी नेसतात. त्यानंतरचा प्रत्येक विनोद या एका गरजेचं व्याज आहे. मराठी पडद्यावरचा जो विनोद टिकला तो असाच निकडीतून आला, आणि जिथे निकड आटली तिथे नुसती खटपट उरली, असं माझं म्हणणं आहे.

या चौघांतला धनंजय माने आणि त्याचा आधीचा घरमालक सरपोतदार यांचा सत्तर रुपयांचा प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. मधुमेहाच्या औषधासाठी घरमालकाने भाडेकरूला पैसे दिलेत; औषध आणणारा मित्र वारला आणि त्याच्यासोबत पैसेही वारले, असं भाडेकरू ऐकवतो. सुधीर जोशींनी इथे हशा पिकवायचा कुठलाही प्रयत्न केलेला नाही. त्यांचा सरपोतदार खरोखरचा आजारी आहे, खरोखरचा चिडलेला आहे आणि सत्तर रुपयांचा हिशेब त्याला खरोखरच हवा आहे. समोर अशोक सराफ सुतकी चेहरा जराही ढळू देत नाहीत, कारण धनंजयला हसून चालणार नाही. डोक्यावरचं छप्पर जाईल. दोघांतल्या एकाने जरी प्रेक्षकाकडे बघून डोळा मारला असता तरी प्रसंग कोसळला असता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कथा आपली कुठे आहे? ‘बनवाबनवी’ची हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली, महेश कोठारेंचा ‘धुमधडाका’ तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’वरून. खरं आहे. पण विनोदात सांगाडा उसना चालतो, बोलणं उसनं चालत नाही. ‘बनवाबनवी’चं बोलणं वसंत सबनीसांचं आहे. हेच सबनीस ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्याचे लेखक, आणि दादा कोंडकेंच्या ‘सोंगाड्या’चेही. वगातला सोंगाड्या राजाला तोंडावर टोला हाणतो आणि भोळेपणाच्या आडून सुटतो. धनंजय माने घरमालकाशी वेगळं काय करतो? पांढरपेशांचा विनोद आणि गावरान विनोद अशी जी भिंत आपले समीक्षक हौसेने बांधतात, तिच्या दोन्ही बाजूंना एकाच माणसाचं हस्ताक्षर आहे.

कोंडकेंचं नाव आलं की दुसरा आक्षेप येतो. त्यांचा विनोद द्व्यर्थी, त्याला कसली आली गरज? 1971च्या ‘सोंगाड्या’तला नाम्या आठवा. आईच्या धाकात वाढलेला हा पोरगा तमाशाच्या नादी लागतो, आणि त्याला जे हवंय ते उघड मागायची सोय नाही. त्याच्या बोलण्यातला दुसरा अर्थ ऐकणाऱ्याला कळतो, त्याला स्वतःला कळत नाही (किंवा कळत असल्याचं तो दाखवत नाही). पकडला जातो तो ऐकणारा. पुढे हिंदीत ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ येईपर्यंत चावटपणा पात्राच्या तोंडून निघून थेट शीर्षकात जाऊन बसला. भोळा माणूस गेला, कोटी राहिली. आपण ज्याला कोंडकेंचा अश्लीलपणा म्हणतो ती मुळात पात्र हरवल्याची तक्रार आहे, असं मला वाटतं.

मागे गेलं तरी हेच दिसतं. मास्टर विनायक आणि अत्रे यांच्या ‘ब्रह्मचारी’त (1938) औदुंबर एक व्याख्यान ऐकून नटनट्यांची चित्रं फेकून देतो, ब्रह्मचर्याचं व्रत घेतो, आणि मग किशोरी समोर येते. राजा परांजप्यांच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये (1952) पैसा कमी नाही, उलट लाखभर रुपये मुदतीत उधळायचे आहेत, पण उधळायचे कोणी, तर ज्यांना पै-पै जपायची सवय आहे अशा दोन कलावंतांनी. टंचाई उलटी करून दाखवली तरी विनोद टंचाईचाच राहतो. ‘वळू’त (2008) गावाला डुरक्या नावाचा मोकाट वळू पकडून हवाय, आणि कॅमेरा समोर आला की त्याच बैलाच्या नावावर प्रत्येक जण आपलं घोडं पुढे दामटतो. ‘पोश्टर बॉईज’मध्ये (2014) तिघांचे फोटो न विचारता नसबंदीच्या जाहिरातीवर छापले जातात आणि ठरलेलं लग्न, घरातली किंमत, सगळंच पणाला लागतं. खोल्यांची टंचाई जुनी झाली म्हणून विनोदाचं इंधन संपलं, हे म्हणणं या चित्रपटाने खोटं पाडलं.

मग आज दूरचित्रवाणीवरच्या प्रहसनांना अख्खा महाराष्ट्र हसतो, त्याचं काय? हसतोच, आणि त्यातले काही नट अव्वल आहेत. दहा-पंधरा मिनिटांच्या प्रहसनाला मागचं-पुढचं नसतं. अपमान झाला तरी पुढच्या भागात पात्र ताजंतवानं. त्या प्रकाराला ते शोभतं. घोटाळा होतो तो हीच रीत दोन तासांच्या चित्रपटात आणली की. दर अर्ध्या मिनिटाला पंच, मध्ये पार्श्वसंगीताची टिंगल, आणि खोटं उघडं पडलं तर कोणाचं काय बिघडणार याचा पत्ता नाही. थिएटरात हशा मिळतो, पण दुसऱ्यांदा पाहायला काही उरत नाही.

एका बाबतीत मात्र जुन्यांचा बचाव करता येत नाही. निकड जवळजवळ नेहमी पुरुषाची असते. ‘बनवाबनवी’त मालकीणबाईंना, लीलाबाईंना, निदान एकटेपणा दिलाय, त्यामुळे त्यांना फसवण्याला वजन येतं, बाकीच्या मुली पटवल्या जाण्यापुरत्या. बायकांच्या हाती स्वतःची थाप आणि स्वतःची अडचण देणारे विनोदी चित्रपट आपल्याकडे मोजकेच.

एकच चित्रपट सुचवायचा तर ‘बनवाबनवी’ सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून मी ‘नारबाची वाडी’चं (2013) नाव घेईन. मनोज मित्रांच्या बंगाली नाटकावरून आलेला आणि तरी कोकणात पक्का रुजलेला. वाडीवर डोळा असलेला खोत म्हाताऱ्या नारबाशी सौदा करतो: मरेपर्यंत दरमहा पैसे घे, मेल्यावर वाडी माझी. दिलीप प्रभावळकरांचा नारबा पैसे घेतो, पोटभर खातो आणि दर महिन्याला आणखी तुकतुकीत होत जातो. खोताला त्याची तब्येत विचारावी लागते, आणि उत्तर चांगलं आलं की चेहरा सांभाळावा लागतो.