पायरीवरचे बाळ

नाताळ अंकांसाठी येणाऱ्या कथांचे गठ्ठे गेली अनेक वर्षे आमच्या नजरेखालून जात आहेत. त्यांत एक कथा दरवर्षी हमखास असते. लेखक बदलतो, गावाचे नाव बदलते. कथा मात्र तीच. चोवीस डिसेंबरची रात्र, कडाक्याची थंडी, मध्यरात्रीच्या मिस्साला निघालेले एक अपत्यहीन, सुस्वभावी दांपत्य आणि चर्चच्या पायरीवर फडक्यात गुंडाळलेले तान्हे बाळ. घंटा वाजतात, पत्नी बाळाला उराशी धरते, फादर चष्मा काढून डोळे पुसतात आणि कथा संपते. बाळ गोरेगोमटे असते. ते रडत नाही, त्याला भूकही लागत नाही. आणि का कोण जाणे, ते नेहमी मुलगाच असते.

या कथेवर आमचा राग नाही. ती वाचताना आमचेही डोळे पाणावलेले आहेत. आणि फादरच्या चष्म्याविषयी आम्ही काही बोलणे योग्यही नव्हे. परंतु ध्यानीमनी नसताना एक परके बाळ घरात येते आणि घरचे होते, हा विषय फार मोठा आहे. कथा त्याच्या उंबऱ्यापर्यंत जाते आणि तेथूनच माघारी फिरते. जेथे ती सुरू व्हायला हवी, तेथेच तिला पूर्णविराम मिळतो. ही आमची तक्रार आहे.

प्रथम त्या मुलग्याविषयी. आम्ही ज्या बीड जिल्ह्यात सेवा करतो, तेथे २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या जेमतेम आठशेच्या घरात होती. साऱ्या महाराष्ट्रात नीचांकी. पुढच्याच वर्षी परळीच्या गर्भपात प्रकरणाने जिल्ह्याची लाज वेशीवर टांगली. या मातीत बसून नाताळची कथा लिहिणाऱ्याने पायरीवर प्रत्येक वेळी मुलगाच ठेवावा, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. बाळ येशूच्या गोठ्याशी साम्य दिसावे, हा लेखकाचा हेतू असेल. पण वाचणारी सासू त्यातून वेगळाच अर्थ काढते.

दुसरी गोष्ट कायद्याची. ललित लेखनात कायदा कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर असे की मुलाचे पुढचे सारे आयुष्य त्यावर उभे असते. सापडलेले बाळ उचलून घरी न्यावे, इतके हे सोपे नाही. त्याची खबर चोवीस तासांच्या आत पोलिसांना, बालकल्याण समितीला किंवा चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावर द्यावी लागते. आईबापांचा शोध घेतला जातो. बाळ दोन वर्षांखालील असेल तर ते दत्तक देण्यास मोकळे आहे की नाही, याचा निर्णय दोन महिन्यांच्या आत व्हावा लागतो. आणि मग ते रांगेत थांबलेल्या कोणा दांपत्याकडे जाते. पायरीवर ज्यांना सापडले, त्यांच्याकडे नव्हे. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आहे.

आमच्या समाजापुरते आणखी एक सांगावयास हवे. १९५६चा दत्तकविधानाचा कायदा हिंदूंसाठी होता. ख्रिस्ती दांपत्याला १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळत असे, आणि मूल सज्ञान होताच तेही संपे. २०००चा बालन्याय कायदा आणि त्याची २००६ची दुरुस्ती यांनी धर्माचा हा अडसर दूर केला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे आमच्या जुन्या नाताळ कथांतून ज्या जोडप्यांनी आनंदाने बाळ ‘दत्तक’ घेतले, त्यांच्यापैकी एकालाही ते कायद्याने घेता येत नव्हते. एका कथेत तरी हे दुःख यावे! ज्या घरात मूल वाढले, त्या घरावर त्याचा हक्क नाही, ही जाणीव घेऊन जगलेली माणसे आमच्या धर्मग्रामांत होती आणि आहेत. त्यांच्यावर कोणी लिहिले नाही.

खरे तर नमुना आमच्या हाताशीच होता. मत्तयचे शुभवर्तमान उघडले की पहिल्याच अध्यायात हा विषय आहे. दत्तक हा शब्द तेथे नाही. पण वंशावळ योसेफापर्यंत येते, आणि ज्या मुलासाठी ती सांगितली ते मूल योसेफाचे नाही. वचनदत्त वधू गरोदर आहे, हे कळल्यावर तो नीतिमान माणूस गाजावाजा न करता तिला सोडण्याचा विचार करतो. मग स्वप्न पडते. जागा झाल्यावर तो दोनच गोष्टी करतो: तिला घरी आणतो आणि मुलाचे नाव ठेवतो. नाव ठेवणे म्हणजे चारचौघांसमोर ‘हा माझा’ असे म्हणणे. त्या एका कृतीने येशू दाविदाच्या घराण्याचा झाला.

आमच्या नाताळच्या नाटिकांनी या माणसाचे काय केले? दाढी चिकटवलेला, काठी टेकून उभा असलेला, एकही वाक्य नसलेला म्हातारा! योसेफाचे वय कोणत्याही शुभवर्तमानात नाही. ते म्हातारपण याकोबाच्या नावावर चालणाऱ्या, दुसऱ्या शतकातील एका अप्रमाणित ग्रंथातून आले आणि चित्रांतून आपल्या डोळ्यांत बसले. धर्मग्रामात ज्या मुलाला दुसरी कोणतीच भूमिका जमत नाही, त्याला योसेफ करण्याची प्रथा आहे. मेंढपाळांना निदान गाणे तरी असते.

लूक आणखी पुढे जातो. बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमेत हरवतो, तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. मरिया त्याला म्हणते की तुझा बाप आणि मी तुला शोधीत होतो. आणि मुलगा उत्तरादाखल आपल्या पित्याच्या घराविषयी बोलतो. तो पिता म्हणजे योसेफ नव्हे. योसेफ तेथेच उभा आहे. लूक त्याच्या तोंडी एक शब्द घालीत नाही. मुलगा त्यांच्याबरोबर नासरेथला परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, एवढेच सांगतो. दत्तक घेतलेल्या प्रत्येक घरात हा दिवस येतो. पायरीवरच्या बाळाच्या कथाकारांना या उताऱ्याची आठवण होत नाही, कारण त्यांचे बाळ बारा वर्षांचे होतच नाही.

हा दिवस अलीकडे मराठीत समर्थपणे उभा केला तो एका चित्रपटाने. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ’ २०१८च्या नोव्हेंबरात आला. विदर्भातील नदीकाठचे गाव आणि तेथला आठ वर्षांचा चैत्या. पाहुणा आलेला मामा बोलता बोलता सांगून जातो की ही तुझी खरी आई नव्हे. त्या क्षणापासून पोर आईकडे तपासनिसाच्या नजरेने पाहू लागते. तिच्या रोजच्या बोलण्याचे, रागावण्याचे त्याला नवे अर्थ लागतात. देविका दफ्तरदार यांनी ती आई फार संयमाने साकारली आहे. पुढे जन्मदात्री घरी येते, आणि पोराच्या मनातला प्रश्न सोडवल्यावाचून निघूनही जाते. चित्रपट कोणालाही खलनायक करीत नाही. पण आमच्या मते त्याचे खरे बळ दुसरीकडे आहे. घरच्यांनी जे प्रेमापोटी झाकले, ते बाहेरच्याच्या तोंडून बाहेर पडते. आईने स्वतः सांगितले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आपण घरी घेऊन जातो. २०२३च्या दुसऱ्या भागात चैत्या जन्मदात्या घरच्या भावंडांना भेटतो. तो भाग गोड आहे, पण पहिल्याची धार त्याला नाही.

जाता जाता फुले दांपत्याचा उल्लेख करावासा वाटतो. विधवांसाठी त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि १८७४ साली एका ब्राह्मण विधवेचे मूल दत्तक घेतले. तो यशवंत. जोतीरावांनी त्याला वारस केले. तो डॉक्टर झाला, आणि १८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांना त्याच्याच दवाखान्यात पोहोचवीत असताना त्या साथीला बळी पडल्या. फुल्यांवरील व्याख्यानांत आणि नाटकांत यशवंताला बहुधा एका वाक्यात उरकतात. तेवीस वर्षांच्या त्या आई-मुलाच्या नात्यावर कादंबरी उभी राहील.

तर मग बीड जिल्ह्यातली नाताळ कथा कशी असावी? येथे डिसेंबरात अर्धी गावे ओस असतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. कित्येक बाळे उसाच्या फडालगतच्या कोपीत जन्मतात. मिस्साला म्हातारीकोतारी आणि पोरे तेवढी उरतात. अशाच एका नाताळात, सव्वीस तारखेला, आमच्या धर्मग्रामातील एका जोडप्याला कळले की त्यांच्यासाठी एक मुलगी आहे, पाच महिन्यांची. नाव नोंदवून इतकी वर्षे झाली होती की त्यांनी आशा सोडून दिली होती. होकार कळवायला मुदत अठ्ठेचाळीस तासांची. घरात पाळणा नाही, दुपटे नाही. आत्याबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो जातीचा. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही नोंदवहीत त्या दोघांची नावे आईबाप म्हणून लिहिली. १९८३च्या धर्मनियमसंहितेचे कलम ११० तसेच सांगते. मुलकी कायद्याने दत्तक घेतलेले मूल हे घेणाऱ्यांचेच. सासूबाई टेबलाशी वाकून शाई वाळेपर्यंत पाहत होत्या.

मुलगी आता चालू-बोलू लागली आहे. तिची आई तिला निजवताना रोज एकच गोष्ट सांगते. ‘तुझा फोन आला तेव्हा मी करंज्या तळत होते. मी फोनवर बोलत राहिले आणि इकडे अख्खा घाणा करपला.’ आतल्या खोलीतून आजी दुरुस्ती करतात, ‘एक नाही, दोन.’