ज्यूल लमेत्र : स्वतः नाटक लिहिणारा टीकाकार

मंडळाच्या नाटकावर चार ओळी लिहायच्या म्हटलं की माझा हात आखडतो. उद्या तीच मंडळी पॉटलकला भेटणार ना! म्हणून ज्यूल लमेत्र (१८५३-१९१४) या फ्रेंच समीक्षकाचं मला कौतुक वाटतं. हा मूळचा मास्तर. जॉर्ज ओने या त्या काळच्या खपाऊ कादंबरीकाराची त्याने १८८५ साली अशी काही हजेरी घेतली की पॅरिसभर गाजला. पुढे ‘जुर्नाल दे देबा’त नाट्यसमीक्षा केली. नियमांची फूटपट्टी नाही. आपल्याला काय वाटलं ते मोकळेपणाने सांगायचं. आणि १८८९ मध्ये ‘रेव्होल्ते’ हे नाटक रंगमंचावर आणून गडी स्वतःच इतरांच्या तावडीत सापडला! हे धाडस मला त्याच्या नाटकांपेक्षाही मोठं वाटतं.

पण निरपराध कॅप्टन ड्रेफसच्या प्रकरणाने फ्रान्स दुभंगला, तेव्हा १८९९ मध्ये हा त्याच्या विरोधकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. नाटकगृहात फक्त स्वतःच्या डोळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्याने इथे लष्कराच्या शब्दावर मान डोलवावी? हे काही मला पचत नाही. तरी लायब्ररीतून आणलेलं त्याचं पुस्तक अजून परत केलेलं नाही.