प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांचा अल्पसंख्याकविषयक विचार : मालेगावच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेत 'अल्पसंख्याक' हा शब्द येतो. त्याची व्याख्या मात्र येत नाही. अनुच्छेद २९ आणि ३० यांनी भाषा, लिपी, संस्कृती व शिक्षणसंस्था यांविषयीचे हक्क दिले. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याने केंद्र शासन अधिसूचित करील तो समाज अल्पसंख्याक, असे सोयीचे उत्तर दिले. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरवावे असा निर्णय दिला. अल्पसंख्याक कोण, या प्रश्नाची अशी कायदेशीर उत्तरे मिळत गेली. परंतु अल्पसंख्याक समाजाच्या आत हे हक्क नेमके कोणाच्या हाती पडतात, हा प्रश्न या सर्व चर्चेत बाजूलाच राहिला.

मराठीत हा दुसरा प्रश्न चिकाटीने विचारणाऱ्या अभ्यासकांत प्रा. फकरुद्दीन बेन्नूर (१९३८–२०१८) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. प्रस्तुत लेखात त्यांच्या मांडणीचा परामर्श घेऊन ती नाशिक जिल्ह्यातील मालेगावच्या वास्तवाला कितपत लागू पडते हे तपासले आहे. बेन्नूर यांची कर्मभूमी सोलापूर. सोलापूर आणि मालेगाव ही दोन्ही विणकरांची शहरे. पण दोन्ही ठिकाणच्या मुस्लिम समाजाची घडण भिन्न आहे. सोलापुरात घडलेला विचार मालेगावात नेऊन पाहिला, तर त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसू लागतात.

अध्यापन आणि लेखन

सातारा येथे जन्मलेले बेन्नूर यांनी सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्राचे अध्यापन केले. विद्यापीठीय केंद्रांपासून दूर असलेल्या शहरात राहून त्यांनी आपले मुख्य लेखन मराठीत केले, ही बाब केवळ चरित्रात्मक नाही. त्याच पिढीत औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ डॉ. मोईन शाकिर हे मुस्लिम राजकारणाची चिकित्सा प्रामुख्याने इंग्रजीत करीत होते. त्यांचा 'पॉलिटिक्स ऑफ मायनॉरिटीज' हा ग्रंथ १९८० चा. शाकिर यांचा वाचक देशभरातील अभ्यासक होता. बेन्नूर यांचा वाचक मात्र तालुक्याच्या गावचा शिक्षक, कार्यकर्ता, मराठी माध्यमातून शिकलेला मुस्लिम तरुण आणि मुस्लिमांविषयी ऐकीव माहितीवर मत बनवणारा मराठी हिंदू असा होता. वाचक बदलला की पुराव्याची जातही बदलते. म्हणूनच बेन्नूर यांच्या लेखनात सिद्धान्ताइतकेच महत्त्व व्यवसाय, आडनाव, बोली, दर्गा आणि गावगाडा यांना आहे.

सोलापूरची पार्श्वभूमी या विचाराला अनुकूल होती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू-दखनी या चारही भाषा तेथे बाजारात ऐकू येतात. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर अब्दुल रसूल कुर्बान हुसेन होते. मुस्लिम राजकारण म्हणजे अलीगढ, लखनौ आणि लाहोर, असे गृहीत धरून लिहिलेल्या इतिहासात या चौथ्या नावाला जागा सापडत नाही. दख्खनच्या मुसलमानाचा इतिहास उत्तर हिंदुस्थानातील सरदार-जमीनदार वर्गाच्या इतिहासातून वाचू नये, हा बेन्नूर यांचा आग्रह अशा वस्तुस्थितीवर उभा आहे. मुस्लिम मराठी साहित्य चळवळीतील त्यांचा सहभाग हा याच आग्रहाचा भाग होय. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरातच भरले.

प्रश्नाची फेरमांडणी

'भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि समाजरचना' या ग्रंथाच्या शीर्षकातच बेन्नूर यांची पद्धत दडलेली आहे. मानसिकतेची चर्चा मराठीत पुष्कळ झाली होती; तिला समाजरचनेची जोड देणे हे त्यांचे वेगळेपण. भारतीय मुसलमान हा एकजिनसी समाज नाही. त्यातील बहुसंख्य लोक येथल्याच कारागीर व श्रमिक जातींतून आलेले आहेत. धर्म बदलला तरी व्यवसाय, बिरादरी आणि प्रतिष्ठेची उतरंड कायम राहिली, ही त्यांची मूलभूत भूमिका. या भूमिकेमुळे ते एकाच वेळी दोन आघाड्यांवर उभे राहिले. मुसलमानांना परके ठरवणारा हिंदू जमातवाद आणि सर्व मुसलमानांच्या वतीने बोलण्याचा दावा करणारे धर्मगुरू व अभिजन यांचे नेतृत्व, या दोहोंनाही एकजिनसी मुस्लिम समाजाची कल्पना लागते. ती कल्पनाच चुकीची आहे, असे बेन्नूर यांचे म्हणणे.

हमीद दलवाई यांच्याशी असलेला त्यांचा मतभेद येथून समजून घ्यावा लागतो. दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधिमंडळावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. दलवाईंच्या विचाराचा केंद्रबिंदू व्यक्ती, विशेषतः स्त्री, आणि तिला धर्मशास्त्राच्या पकडीतून सोडवणारा समान कायदा हा होता. बेन्नूर यांचा केंद्रबिंदू समूह आणि त्याचे भौतिक जीवन हा आहे. पोटापाण्याची, शिक्षणाची आणि सुरक्षिततेची शाश्वती नसलेल्या समाजाला धर्मचिकित्सेचे आवाहन ऐकू जात नाही, असा त्यांचा रोख. हा आक्षेप वजनदार आहे. पण त्याने दलवाईंचा प्रश्न निकालात निघत नाही. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर जो कायदा १९८६ मध्ये झाला, त्याची झळ बागवानाच्या घरातील घटस्फोटितेलाही पोहोचली आणि सय्यदाच्या घरातील घटस्फोटितेलाही. बिरादरी ही विश्लेषणाची मुख्य कोटी केली की बिरादरीच्या आतील स्त्री दुसऱ्या रांगेत जाते. समूहलक्ष्यी मांडणीची ही किंमत बेन्नूर यांच्या समर्थकांनी पुरेशी मोजलेली नाही.

७ ऑगस्ट १९९० रोजी मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली आणि १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांचे आरक्षण उचलून धरले. महाराष्ट्रात जालन्याचे शब्बीर अन्सारी यांच्या पुढाकाराने मुस्लिम ओबीसी चळवळ उभी राहिली. बेन्नूर या चळवळीच्या वैचारिक पाठीराख्यांपैकी एक होते. तिची मागणी साधी होती : जुलाहा, पिंजारी, तांबोळी यांसारख्या समूहांना ते मुसलमान आहेत म्हणून नव्हे, तर ते मागास व्यवसायांतील जाती आहेत म्हणून सवलती मिळाव्यात.

या मागणीचे घटनात्मक महत्त्व तिच्या साधेपणामुळे सहसा लक्षात येत नाही. संविधान सभेने ऑगस्ट १९४७ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा तत्त्वतः मान्य केल्या होत्या. फाळणीनंतर, मे १९४९ मध्ये, त्या वगळण्यात आल्या. परिणामी धार्मिक अल्पसंख्याकांच्या वाट्याला धर्मस्वातंत्र्याबरोबर मुख्यतः संस्कृती आणि शिक्षणसंस्था यांचे हक्क आले. सत्तेतील व नोकरीतील वाटा हा सामाजिक मागासलेपणाच्या कलमांकडे गेला. मुस्लिम विणकराने अनुच्छेद ३० ऐवजी अनुच्छेद १६(४) चा दरवाजा ठोठावणे, याचा अर्थ त्याने अल्पसंख्याक म्हणून असलेली आपली ओळख टाकली असा होत नाही. कोणत्या हक्कासाठी कोणती ओळख पुढे करायची, याचा तो विवेक आहे.

या विवेकाचा पूर्वसंकेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मिळतो. एखादा समूह अल्पसंख्याक आहे की नाही हे ठरवताना धर्मभेद ही खरी कसोटी नसून सामाजिक भेदभाव ही खरी कसोटी होय, अशी आंबेडकरांची तेथील भूमिका आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची घोषणा करणाऱ्या नेत्याने बारा वर्षांनी अल्पसंख्याकत्वाची कसोटी धर्मातून काढून समाजव्यवहारात आणली, हे लक्षणीय आहे. बेन्नूर यांची मांडणी या परंपरेशी जोडून वाचली पाहिजे. तिला केवळ मंडलोत्तर राजकारणाचे अपत्य ठरवणे अन्यायाचे होईल.

मालेगावची कसोटी

येवल्यापासून फार दूर नसलेल्या मालेगावात ही मांडणी नेली की पहिली अडचण भाषेची येते. १८५७ नंतरच्या काळात उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी या शहराचा हातमाग आणि पुढे यंत्रमाग उभा केला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराच्या लोकसंख्येत तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक मुस्लिम आहेत. त्यांच्या शाळा, वृत्तपत्रे, मुशायरे उर्दूत चालतात. मुस्लिम मराठी चळवळीने महाराष्ट्रातील मुसलमानाची मराठी मुळे दाखवून त्याचे परकेपण खोडून काढले. ते योग्यच झाले. पण त्याच युक्तिवादाची दुसरी बाजू अशी की, ज्याची मुळे मराठी नाहीत त्याचे आपलेपण कशावर सिद्ध करायचे? दीडशे वर्षे गिरणा-मोसमच्या काठी माग चालवणारा विणकर घरी उर्दू बोलतो म्हणून कमी महाराष्ट्रीय ठरू नये. सोलापूरच्या तेलुगू भाषक पद्मशाली विणकराकडे हा दाखला कोणी मागितल्याचे दिसत नाही. येथे अनुच्छेद २९ उपयोगी पडतो, कारण त्यातील भाषा जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या कोणत्याही गटाला आहे. त्यासाठी स्थानिक मुळांचा पुरावा लागत नाही. बेन्नूर यांच्या विचारात या कलमाला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही.

दुसरी अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. मालेगावातील मुस्लिमांत बहुसंख्य समूह अन्सारींचा, आणि तोच ओबीसी. अशरफ अभिजन विरुद्ध कारागीर बहुजन, ही जी विभागणी बेन्नूर यांच्या मांडणीला धार देते, ती येथे बोथट होते. सूत व्यापारी, अनेक मागांचा कारखानदार, मजुरीवर कोरे कापड विणून देणारा छोटा मागवाला आणि बारा बारा तास मागावर उभा राहणारा कामगार हे पुष्कळदा एकाच बिरादरीचे असतात. जातीचा दाखला चौघांनाही एकच मिळतो. उन्नत गटाची अट काही अंशी चाळणी लावते. पण सुताच्या भावातील चढउतार, वीजदर आणि मजुरीचा दर हे मालेगावच्या कामगाराचे खरे प्रश्न त्या चाळणीच्या बाहेरचे आहेत. हे शहर समाजवादी नेते निहाल अहमद यांना वारंवार विधानसभेवर पाठवीत होते, आणि २०१९ व २०२४ मध्ये त्याच शहरातून मुफ्ती मोहम्मद इस्माईल हे एमआयएमचे उमेदवार म्हणून निवडून आले. या स्थित्यंतराचा अर्थ केवळ 'धर्मगुरूंचा वाढता प्रभाव' असा लावणे उथळपणाचे आहे. त्याचे एक कारण तिसऱ्या अडचणीत सापडते.

ही अडचण सुरक्षिततेची. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात झालेल्या स्फोटांत तीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मृत मुस्लिम होते आणि संशयित म्हणून पकडले गेलेले नऊ जणही मुस्लिमच होते. त्यांना जामीन मिळायला २०११ उजाडले आणि विशेष न्यायालयाने दोषमुक्त करायला २०१६. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाच्या खटल्यातील सर्व सात आरोपींची ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष मुक्तता झाली. म्हणजे दोन्ही घटनांतील मृतांच्या नातेवाइकांना गुन्हेगार कोण, याचे उत्तर आजवर मिळालेले नाही. अशा प्रसंगी माणसाची बिरादरी कोणी विचारत नाही. संशय येतो तो मुसलमान म्हणून, भीती वाटते ती मुसलमान म्हणून, आणि मग मतही त्याच ओळखीने दिले जाते. एकजिनसी मुस्लिम समाज ही समाजशास्त्रीय दृष्ट्या चुकीची कल्पना असेल. पण दंगल, तपास आणि अटक यांच्या काळात ती कल्पना वास्तव बनते. अंतर्गत भेदांवर भर देणाऱ्या बेन्नूर यांच्या चौकटीतून या प्रक्रियेचे पूर्ण स्पष्टीकरण मिळत नाही. त्यांनी जमातवादाविरुद्ध आयुष्यभर लिहिले, यात शंका नाही. तथापि जमातवादाला विरोध करणे आणि जमात म्हणून भोगाव्या लागणाऱ्या अन्यायाविरुद्धच्या हक्काची मांडणी करणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मालेगावला दुसरीची गरज होती.

धोरणाच्या पातळीवर मात्र काळाने बेन्नूर यांचीच बाजू उचलून धरली. नोव्हेंबर २००६ च्या सच्चर समिती अहवालाने मुस्लिमांमधील ओबीसींच्या स्थितीचा स्वतंत्र विचार केला. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१४ मध्ये अध्यादेशाद्वारे दिलेले ५ टक्के आरक्षण हेही धर्माच्या नावाने नव्हे, तर 'विशेष मागास प्रवर्ग' म्हणून देण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ च्या अंतरिम आदेशात त्यातील शैक्षणिक भाग चालू राहू दिला. पुढे अध्यादेशाची मुदत संपली आणि त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. न्यायालयात जे टिकले ते विधिमंडळात टिकले नाही. तेव्हा उणीव युक्तिवादाची नव्हती, संख्याबळाची होती. अल्पसंख्याकांचे हक्क बहुसंख्येच्या इच्छेवर अवलंबून राहिले तर काय होते, याचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही.

आगामी जनगणनेत जातींची नोंद होणार असल्याचे केंद्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. बिहारने २०२३ मध्ये केलेल्या जातनिहाय गणनेत मुस्लिम जातींची आकडेवारी प्रसिद्ध झाली होती. महाराष्ट्रातही तशी आकडेवारी हाती आली, तर मुस्लिम समाजरचनेविषयी बेन्नूर यांनी ग्रंथांतून आणि व्याख्यानांतून जे सांगितले ते प्रथमच आकड्यांवर तपासता येईल. मालेगावच्या पूर्व भागातील गल्ल्यांमध्ये जातीच्या रकान्यात घरामागून घर 'अन्सारी' अशी नोंद होईल. त्या घरातील माग स्वतःचा आहे की मजुरीचा, मुलगी कोणत्या इयत्तेपर्यंत शिकली आणि घरातले कोणी २००६ नंतर चौकशीसाठी नेले गेले होते काय, हे त्या रकान्यात येणार नाही. त्यासाठी स्थानिक महाविद्यालयांतील राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना स्वतंत्र पाहणी करावी लागेल.