सीईए-चाचणी आणि 'द्वितीयावलोकन' शस्त्रक्रिया : एका विलंबित अहवालाचे परीक्षण

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णाच्या रक्तातील 'कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन', म्हणजे सीईए, वरचेवर मोजावे. ते वाढताच पोट पुन्हा उघडून उलटलेला रोग काढून टाकावा, ही विचारसरणी वरकरणी निर्दोष वाटते. तिची कसोटी पाहणारा टॉम ट्रेझर व सहकारी यांचा अहवाल २०१४ साली 'बीएमजे ओपन'मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग मात्र ब्रिटनमध्ये १९८२ ते १९९३ या काळात झालेला. म्हणजे संपूर्ण अहवालास सुमारे वीस वर्षांचा विलंब लागला.

प्रयोगाची मांडणी धीट आहे. १४४७ रुग्णांचे सीईए नियमितपणे मोजले जाई, परंतु निकाल चिकित्सकांस कळविला जात नसे. प्रमाण वाढलेल्या २१६ रुग्णांचे केवळ यदृच्छेने १०८-१०८ असे दोन गट पाडण्यात आले. एका गटाच्या चिकित्सकांस वाढीची वार्ता दिली, दुसऱ्याच्या चिकित्सकांस दिली नाही. (ही गुप्तता अनेकांस रुचणार नाही, पण तिच्यावाचून प्रश्नाचा निकाल लागणे कठीण होते.) फेब्रुवारी १९९३ पर्यंत पहिल्या गटातील ९१ व दुसऱ्यातील ८८ रुग्ण मृत्यू पावले होते. आगाऊ वार्तेने आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

जुन्या कागदपत्रांतून हा हिशेब पुन्हा उभा केल्याबद्दल लेखकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि १०८ ही संख्या लहान आहे, आणि यकृतातील दुय्यम गाठी काढण्याचे तंत्र त्या काळी आजच्याइतके प्रगत नव्हते. तेव्हा हा निष्कर्ष आजच्या रुग्णास जसाच्या तसा लावता येणार नाही. हा आक्षेप मला बळकट वाटत असे. परंतु त्याच वर्षी 'जामा'त आलेल्या १२०२ रुग्णांच्या 'फॅक्स' अभ्यासाने तो बराच सैल केला. रोग उलटल्यावर तो समूळ काढण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण किमान देखरेखीत २.३ टक्के, तर सीईए मोजल्यास ६.७ टक्के होते. मृत्युसंख्येत मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

चाचणी स्वतःही सर्वस्वी विश्वासार्ह नाही. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार प्रतिलिटर ५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरल्यास रोग उलटलेल्या शंभरांपैकी सुमारे ७१ जणच हाती लागतात, आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी सुमारे १२ जणांवर नाहक संशय येतो. धूम्रपानानेही सीईए वाढते.

विलंबाचा प्रश्न म्हणूनच गौण मानता येत नाही. प्रयोग १९९३ साली थांबला. आणि १९९६ साली अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने, यकृतावरील शस्त्रक्रियेस योग्य अशा रुग्णांचे सीईए किमान दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी मोजावे, अशी शिफारस केली. तेव्हा हा संपूर्ण हिशेब कोणाच्याही समोर नव्हता.