चार झाडे आणि त्यांचे अक्स

निसर्गचित्र काढा म्हटले की आमच्या उर्दू शाळेतली मुले दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि काठावर एक गोलमटोल झाड काढून मोकळी होतात. अशाच एका वर्गात मी क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या 'चार झाडे' या चित्राची रंगीत प्रत नेली होती. मागच्या बाकावरून लगेच सवाल आला, "सर, इन दरख्तों के सर किधर गए?"

सवाल बिनतोड होता. शेंडे खरोखरच नाहीत. जिव्हर्नी गावाजवळच्या एप्त नदीकाठची ही पॉप्लरची झाडे. चार सडपातळ खोडे सरळ वर जातात आणि चित्राची वरची कड ओलांडून निघून जातात. खाली पाण्यात त्यांचे अक्स तसेच खालच्या कडेपर्यंत. मध्ये काठाची एक आडवी पट्टी. ती पट्टी झाकून पाहा. झाड कोणते आणि अक्स कोणता, हे सांगणे अवघड जाईल. खोडे जांभळट निळी, तर मागे दूरच्या झाडांवर केशरी-गुलाबी उजेड. म्हणजे उजेड झाडांच्या पलीकडे आहे, आणि आपण मोनेबरोबर अलीकडे, पाण्यावर. तो खरोखरच होडीत बसून रंगवत होता.

चित्र १८९१ सालचे. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उंची-रुंदी जवळपास सारखी, सुमारे ८२ सेंटिमीटर. निसर्गचित्राचा कागद आपण आडवा धरतो. इथे चौकोनामुळे नजरेला बाजूला पळायला वावच नाही. ती खोडांवरून वर-खाली फिरत राहते.

याच झाडांची मोनेने वीसहून अधिक चित्रे काढली. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांना वस्तूपेक्षा तिच्यावरचा त्या क्षणाचा उजेड महत्त्वाचा. मोनेची शेजारीण, अमेरिकन चित्रकार लिला कॅबट पेरी हिने आठवण लिहून ठेवली आहे, की या मालिकेतला एक परिणाम जेमतेम सात मिनिटे टिकायचा. एका ठराविक पानावरून ऊन सरकले, की तो कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा.

चित्रे चालू असतानाच झाडांचा लिलाव निघाला. ती गावच्या मालकीची होती, लाकडासाठीच लावलेली. मोनेने लाकडाच्या व्यापाऱ्याला स्वतःचे पैसे दिले आणि काम होईपर्यंत झाडे उभी ठेवायला लावली.

हा किस्सा सांगून मोनेला वृक्षप्रेमी ठरवण्याची हौस अनेकांना असते. मला ते पटत नाही. त्याने झाडे वाचवली नाहीत, मुदत विकत घेतली. काम झाल्यावर ती व्यापाऱ्याचीच झाली. यात मला काही उणे वाटत नाही. उलट चित्र अधिक खरे वाटते. झाडांची कणव यावी म्हणून त्याने काहीही केलेले नाही. कुऱ्हाड नाही, ओंडका नाही, करुण संध्याकाळही नाही. किस्सा माहीत नसलेल्या माणसाला ही झाडे कायमची उभी आहेत असेच वाटेल. कॅलेंडरवर छापायला सोयीचे चित्र म्हणून त्याच्याकडे पाहणारे इथेच फसतात.

किस्सा मी वर्गात शेवटी सांगितला. तो सवाल विचारणारा मुलगा पुन्हा चित्राजवळ आला आणि पाण्यातल्या खोडांवरून बोट फिरवत खालच्या कडेपर्यंत गेला. अक्सालाही शेंडा नव्हता.