चौलच्या वेशीबाहेरची रात्र

शिवराज्याभिषेकाची गोष्ट निघाली की इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनचं नाव येतंच. दरबाराच्या दाराशी उभे असलेले हत्ती-घोडे, ते एवढ्या अवघड चढणीने गडावर आणले कसे याचं त्याला वाटलेलं नवल, भाल्याच्या टोकाला लटकणारा सोन्याचा तराजू, हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलो. ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरातला हा वृत्तांत पुढे डॉक्टर जॉन फ्रायरने १६९८ साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथातही आला. मराठी वाचक त्यातला दरबार उचलतो आणि बाकीचं ओलांडून जातो. मी मात्र दर वेळी रेंगाळतो तो पहिल्याच पानावर, जिथे ना गड दिसतो ना राजा. ऑक्झेंडन मुंबईहून निघाला आहे आणि पहिल्याच रात्री चौलच्या बंदरात अडकून पडला आहे.

प्रसंग असा. तारीख १३ मे १६७४. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने ऑक्झेंडनला दोन साथीदार देऊन रायगडाकडे रवाना केलं. हे लोक शिबाड नावाच्या गलबतातून चौलला पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. चौल म्हणजे इथे खालचं चौल, आजचा रेवदंडा. तो पोर्तुगीजांचा, १५२१ पासून तटबंदीत वसलेला. दिवेलागणीला शहराचे दरवाजे मिटायचे आणि पहारे बसायचे. वकील असो की व्यापारी, नऊ वाजता दार कोण उघडणार? ऑक्झेंडनने रात्र काढली ती तटाबाहेरच्या वस्तीत, सेंट सेबॅस्टियनच्या लहानशा चर्चमध्ये.

एवढंच. लिहिणाऱ्याने यावर चार-दोन वाक्यांपलीकडे खर्च केलेला नाही, आणि या मजकुराचं पहिलं बळ तिथेच आहे. राजाच्या भेटीला निघालेल्या वकिलाला दुसऱ्याच एका सत्तेच्या बंद दारासमोर रात्र काढावी लागते. यावर कोणीही आकांडतांडव केलं असतं, निदान पोर्तुगीजांना दोन शब्द ऐकवले असते. इथे राग नाही की मानापमान नाही. दरवाजे का बंद होते तेवढं सांगितलं, कुठे झोपलो ते सांगितलं आणि लेखणी पुढे निघाली. पुढे गडावरचे सोहळे वाचताना आपण या माणसावर विश्वास ठेवतो, तो या पहिल्या रात्रीच्या जोरावर. जो स्वतःची गैरसोय फुगवत नाही, तो दुसऱ्याचं वैभवही फुगवणार नाही, ही खात्री वाचकाच्या मनात नकळत तयार होते.

आता ती रात्र जरा जवळून पाहू. वृत्तांतात पाण्याचा उल्लेख नाही, चंद्राचाही नाही, पण दोन्ही हिशेबाने काढता येतात. राज्याभिषेक ६ जूनचा, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. तिथून चोवीस दिवस मागे गेलं की वैशाख वद्य तृतीया-चतुर्थी हाताला लागते. पेण-अलिबागच्या खाडीकाठी तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे भरती दुपारी आणि रात्री सव्वादोन ते तीनच्या सुमाराला, आणि त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठ-नऊला, पूर्ण सुकती. शिबाड आलं ते नेमकं पाणी तळाला गेलेलं असताना. पौर्णिमा नुकतीच उलटलेली, म्हणजे उधाणाचे दिवस, आणि उधाणाला जशी भरती मोठी तशी सुकतीही खोल. कुंडलिका नदीच्या मुखाशी दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडला असणार, समोर कोर्लईचा डोंगर काळा उभा असणार आणि चंद्र त्याच सुमाराला उगवत असणार. कागदात नसलेलं हे चित्र कागदातल्या दोन आकड्यांतून उभं राहतं, तारीख आणि वेळ. नेमकं लिहिणाऱ्याचं हेच मोठेपण: त्याने न सांगितलेलंही पुढच्या माणसाला शोधता येतं.

मग या थांब्याचा अर्थही बदलतो. दरवाजा उघडा असता तरी त्या घटकेला खाडीने वर जाता आलंच नसतं. कुंडलिका आज बारमाही वाहते, कारण मुळशीचं पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात सोडलं जातं. सतराव्या शतकातल्या वैशाखात वरून येणारं पाणी कितीसं असणार? होडी आत न्यायची तर भरतीच्या पाठीवरूनच. सह्याद्रीच्या पश्चिमेला प्रत्येक खाडीबंदराचा हा नियम. पेणच्या अंतोरा बंदरातून मीठ-तांदूळ भरलेले मचवे असेच पाण्याची वाट पाहत नांगरून पडत. आजही धरमतरच्या खाडीत, डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे माल नेणारे बार्ज भरतीच्याच वेळा धरून चालतात.  

या रात्रीचं राजकारण तर विलक्षण आहे. तटाच्या आत पोर्तुगीज. चालत जाण्याइतक्या अंतरावर वरचं चौल, तिथे शिवाजी महाराजांचा अंमल. दक्षिणेला थोड्याच अंतरावर जंजिऱ्याचा सिद्दी. आणि या तिघांच्या मध्ये, कोणाच्याच छताखाली नसलेला इंग्रज, ज्याला १६६१ च्या राजापूरच्या लुटीची भरपाई हवी आहे आणि महाराजांच्या मुलखात व्यापाराची मुभाही. ऑक्झेंडन हे काही समजावून सांगत बसत नाही. पण तो कुठे झोपला हे कळलं की इंग्रजांची १६७४ ची पायरी कळते. मुंबई हातात येऊन त्यांना जेमतेम काही वर्षं झाली होती, आणि चौलच्या दाराला हाक मारायचीही त्यांची पत नव्हती. पुढच्या दीडशे वर्षांत काय झालं ते डोक्यात ठेवून हे पान वाचलं की अंगावर काटा येतो.

चौलहून पुढे जलमार्गानेच अष्टमी. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, समोर अष्टमी. आज दोन्हींची नगरपरिषद एकच. इथे होडी संपते आणि घाट, जंगल, निजामपूरकडची वाट सुरू होते. लेखनाची चालही इथेच बदलते. पाण्यावर असताना वाक्यं वेळेला बांधलेली होती, कधी पोचलो, कधी निघालो. जमिनीवर आल्यावर नजर मोकळी होते, डोंगर दिसू लागतात, उन्हाचा त्रास जाणवतो. रोह्यातल्या माणसाला अष्टमीचा तो ओझरता उल्लेख वाचताना जे वाटतं ते मी शब्दांत पुरतं आणू शकत नाही. चिंतामणराव देशमुखांचं रोहं, पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं जन्मगाव, ही ओळख विसाव्या शतकातली. त्याच्या अडीचशे वर्षं आधी हे गाव स्वराज्याच्या राजधानीचं पाण्याकडचं दार होतं, आणि ते दार वकिलांसाठी उघडं होतं.

वाट पाहणं मात्र चौलला संपलं नाही. पाचाडला पोचल्यावर कळलं की महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडी गेले आहेत. पुन्हा थांबा. या वृत्तांताची घडणच अशी आहे, थोडं चालणं आणि बराच मुक्काम. म्हणून त्यातली बारीक माणसं ध्यानात राहतात. इंग्रजांना रोज बकऱ्याचं मटण पुरवणारा म्हातारा खाटीक, एवढं मांस खाणारे हे लोक आहेत तरी कसे ते पाहायला मुद्दाम गड चढून आला, हा प्रसंग तर कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असा आहे.

आणि इथेच माझी एक तक्रार आहे. खाटकाला जागा देणारी ही लेखणी शिबाडाच्या तांडेलाला जागा देत नाही. सुकतीला नांगर कुठे टाकायचा, चिखलात गलबत कलंडणार नाही यासाठी ते कुठवर आणायचं, कुंडलिकेच्या कोणत्या वळणावर वाळू साचली आहे, हे ऑक्झेंडनला ठाऊक असणं शक्य नव्हतं. ते ठाऊक असलेले खलाशी बहुधा याच किनाऱ्याचे, कोळी किंवा भंडारी असावेत. साहेब चर्चमध्ये झोपले तेव्हा महाराजांसाठी आणलेले नजराणे सांभाळत शिबाडात जागं कोण राहिलं? भरती चढू लागल्याची पहिली हाक कोणी दिली? पुढे झालेल्या तहाची कलमं आपल्याला मिळाली, दहा हजार होनांच्या भरपाईचा आकडाही मिळाला. त्या माणसांचं एकही नाव मिळालं नाही.