हिसका पिणारा दोर

नांगर टाकलेली शिडाची बोट जोराच्या वाऱ्यात न्याहाळावी. नाळेवरून साखळी पाण्यात उतरलेली असते, पण ती सैल, निवांत. सगळा ताण असतो तिला बांधलेल्या नायलॉनच्या एका दोरावर. हा दोर म्हणजे स्नबर. नांगराच्या साऱ्या सरंजामात माझा जीव याच्यावर आहे. आणि नाळेपुढे बोस्प्रिट असेल, तर त्याची बांधणी जास्तच देखणी होते.

साखळीचा गुण तिच्या वजनात. बेताच्या वाऱ्यात ती झोळ धरून असते. बोट मागे सरली की झोळ उचलला जातो आणि धक्का जिरतो. वारा वाढला की झोळ संपतो, साखळी गजासारखी ताठ होते आणि प्रत्येक लाटेचा हिसका थेट नांगराला बसतो. तिथे तिपेडी नायलॉन उपयोगी पडतो. 10 मीटरांचा दोर मीटरभर लांबला, तरी हिसक्याची धार जाते. म्हणून इथे जाडजूड दोर निवडणे ही चूक आहे. जो ताणला जात नाही, तो हिसका पिणार कसा?

आता बोस्प्रिट. मुंबईत सागवानात बांधलेली, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने न थांबता पृथ्वीभोवती फिरवलेली 'सुहैली' डोळ्यांपुढे आणा. नाळेतून पुढे झेपावलेला तो लाकडी दांडा म्हणजे बोस्प्रिट. शिडाचा ताण त्याला वर ओढतो. त्याच्या टोकापासून नाळेच्या पायथ्याशी, पाण्यालगत उतरणारा बॉबस्टे त्याला खाली धरून ठेवतो. नांगरावर असताना नेमका हाच बॉबस्टे आडवा येतो. वारा एकीकडे आणि ओहोटी दुसरीकडे असली की बोट तिरकी होते आणि डेकवरून सोडलेला स्नबर रात्रभर त्याच्यावर घासतो. सकाळी दोराचा एखादा पेड तुटलेला दिसतो.

जाणत्या खलाशाचा उपाय साधा आहे. नाळेवर पाण्याच्या पातळीलगत एक भक्कम कडी बसवायची आणि स्नबरचे एक टोक कायमचे तिथे अडकवायचे. दुसरे टोक बॉबस्टेच्या बाहेरून डेकवर आणून ठेवायचे. नांगर धरला की ते टोक रोलिंग हिच या गाठीने साखळीला बांधायचे आणि दोरावर ताण येईपर्यंत साखळी सोडत राहायची. त्यानंतर आणखी थोडी साखळी सोडून तिचा सैल वळसा लोंबत ठेवायचा. ओढ आता बॉबस्टेच्या मुळापासून निघते, त्यामुळे घासायला फारसे काही उरत नाही. साखळी तळच्या खडकांवर फिरते तेव्हाची घरघरही नायलॉन बोटीपर्यंत पोचू देत नाही.

या बांधणीचे खरे सौंदर्य मात्र हिशेबात आहे. पाणी 5 मीटर खोल आणि साखळीचा रोलर पाण्यापासून दीड मीटर उंच असेल, तर खोलीच्या सातपट साखळी सोडताना खोली साडेसहा मीटर धरावी लागते, म्हणजे 45.5 मीटर. ओढ पाण्याच्या पातळीवरून निघाली की नांगरावरच्या ओढीचा तोच कोन 35 मीटरांत साधतो. बॉबस्टे चुकवण्यासाठी दोर खाली नेला आणि नांगराची पकडही सुधारली. अडचणीने जी जागा दाखवली, तीच मुळात योग्य जागा होती.

ही कडी बॉबस्टेची नसावी, स्वतंत्र असावी. बॉबस्टेची कडी थकून तुटली, तर बोस्प्रिट जातो आणि त्याच्यामागे डोलकाठीही धोक्यात येते. शिवाय ही जागा डेकवरून नीट दिसत नाही. तिथला गंज आणि दोराची झीज मुद्दाम वाकून पाहावी लागते. तेवढी निगा ही बांधणी मागते.

सकाळी साखळी वर ओढली की गाठ हाताशी येते. रात्रभर अख्खी बोट तोलून धरलेली ती गाठ, ताण सुटताच, दोन बोटांनी मागे ढकलली की उलगडते.